आईला पुण्याला न्यायचंय, पण बंड्याचं काय?

पत्र (थोडं आटोपशीर करून):

मी वडोदऱ्यातच, वासणा रोडला राहते. दादा पुण्यात, बाणेरला. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. आई ७३ वर्षांची आहे, कारेलीबागेतल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. म्हणजे ती आणि बंड्या. बंड्या आठ वर्षांचा देशी कुत्रा. बाबांनीच पावसात भिजलेलं पिल्लू म्हणून उचलून आणला होता. बाबा होते तोवर आई त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. आता तो तिच्या पलंगाखाली झोपतो आणि रोज तूप लावलेली पोळी खातो. ती दिवसभर त्याच्याशी बोलत असते. शेजारी सगळे गुजराती, त्यांच्याशी गुजरातीत बोलते, याच्याशी मराठीत. शेजारी तिला 'बंड्यानां बा' म्हणतात. दादाला ते अजिबात आवडत नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा होडी आली होती. कुत्र्याला घेता येणार नाही म्हटल्यावर आई चढलीच नाही. वरच्या खोलीत अंधारात दोन रात्री काढल्या. फोन बंद. आमचं काय झालं असेल ते आम्हालाच माहीत. आणि यंदा गणपती उठल्यावर आठवड्याभरात बंड्याने तिला ओढलं, ती पडली, उजवं मनगट मोडलं.

दादाने आता ठरवलंय, आईला कायमचं पुण्याला न्यायचं. वहिनीला घरात कुत्रा नकोय, त्यांचा मुलगा चार वर्षांचा आहे. सोसायटीही परवानगी देत नाही म्हणे. बंड्याला पांजरापोळात ठेवायचं आणि दर महिन्याला पैसे पाठवायचे. माझ्याकडे सासूबाईंना दमा, त्यामुळे मी हतबल. आई एकच वाक्य धरून बसलीय, "बंड्याला सोडून मी कुठेही येणार नाही." दादा फोनवर म्हणाला, "तुला नातू जास्त की कुत्रा?" तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नाही. तिला कसं पटवावं?

– एक मुलगी, वडोदरा

ताई,

तुमच्या पत्रात दादाला काय हवंय ते आहे. वहिनीला काय नकोय ते आहे. पुण्याच्या सोसायटीची अडचण आहे, सासूबाईंचा दमा आहे. आईबद्दल जे आहे ते सगळं ती काय करत नाही याचं. होडीत चढली नाही, पुण्याला येत नाही, दादाशी बोलत नाही. तिला पुढची वर्षं कुठे आणि कशी काढायचीत, हे तुम्ही दोघांनी तिला विचारलंय असं पत्रावरून तरी वाटत नाही. विचारलं असेल तर माझे शब्द मागे घेते. नसेल तर 'कसं पटवावं' या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला ताटकळायला नको. बंड्याला पांजरापोळात ठेवून आईला पुण्याला नेऊ नका. आई आणि बंड्या हे आता एक बिऱ्हाड आहे. हलवायचं तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. आणि आज तरी ते हलवण्याची गरज मला दिसत नाही.

आता तुमची काळजी. ती मुळीच खोटी नाही. कुत्रा पाळला की म्हातारपण सुखाचं होतं, एवढं एकच सांगणारे लोक अर्धी गोष्ट सांगतात. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या लोकांची, पट्टा धरून कुत्रा फिरवताना मोडलेल्या हाडांची आकडेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. २००४ साली असे अंदाजे १,६७१ रुग्ण होते, २०१७ साली ४,३९६. त्यात बायकाच जास्त, आणि सगळ्यात जास्त मोडलं होतं ते खुब्याचं हाड. खुबा मोडला की म्हातारं माणूस किती काळ अंथरुणाला खिळतं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा मनगटावर भागलं हे नशीबच म्हणायचं.

पण एक विचारू? प्लास्टर निघाल्यावर पुढे काय झालं? हाडांची घनता बघणारी डेक्सा तपासणी केली का? सत्तरीतल्या बाईचं नुसत्या पडण्याने मनगट मोडतं तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याचा तो पहिला इशारा असू शकतो, आणि पुढची पाळी खुब्याची किंवा मणक्याची. त्यावर औषधं आहेत. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, डोळ्यांतला मोतीबिंदू, उठून उभं राहताना रक्तदाब पडतो का, रात्रीची एखादी गोळी सकाळपर्यंत गुंगी ठेवते का, हे सगळं बघायला हवं होतं. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही. बंड्याने ओढलं, बंड्याचा दोष, बंड्याला हलवा. पुण्याच्या गुळगुळीत टाइल्सवर पडण्यासाठी कुत्रा लागत नाही.

आणि दिवस कोणते होते बघा. गणपती उठल्यावर आठवड्याभरात, म्हणजे ऐन भाद्रपदाचा वद्य पक्ष. भाद्रपदातल्या कुत्र्यांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते उगाच नाही. पावसाळा सरताना गल्लीतल्या कुत्र्या माजावर येतात आणि एरवी शहाणासुरता असलेला नर त्या दिवसांत कुणाचं ऐकत नाही. बंड्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसावं असा माझा अंदाज आहे. आठव्या वर्षीही ते करता येतं. आधी रक्त तपासून, भूल सोसेल ना ते बघून डॉक्टर ठरवतील. त्याने तो एका रात्रीत साधू होणार नाही, पण वास लागला की सुसाट धावणं बरंच कमी होतं.

तोपर्यंत गळपट्टा काढा आणि छातीवर पुढून कडी अडकवायचा हार्नेस घ्या. पुढे ओढणाऱ्या कुत्र्याला छातीकडून वळवलं की जोर बराच कमी होतो. पट्टा चार-पाच फुटांचाच हवा, लांब सुटत जाणारा नको. आणि आईला एक गोष्ट हात धरून शिकवा: पट्ट्याचा वेढा मनगटाला घालायचा नाही. सगळ्या बायका घालतात, निसटू नये म्हणून. निसटलेला कुत्रा भूक लागली की बहुधा घरी येतो. पायात चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. सकाळची फेरी मात्र आता दुसऱ्या कुणाकडे द्या. सोसायटीतला कॉलेजचा एखादा मुलगा महिन्याचे पैसे ठरवून आनंदाने करेल. दादा पांजरापोळाला दरमहा पाठवणार होता, त्याच पैशांत हे बसतं. संध्याकाळी बंड्या दमलेला असतो, तेव्हा फाटकापर्यंतची चक्कर आईची आईने मारावी. ती पूर्ण काढून घेऊ नका.

का काढून घेऊ नका, ते तुमच्याच पत्रात आहे. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. आई शेजाऱ्यांशी गुजरातीत बोलते आणि बंड्याशी मराठीत.

बाबा गेल्यावर त्या घरात मराठी ऐकणारं दुसरं आहे कोण, ताई? तुम्ही अर्ध्या तासावर, दादा फोनवर. पोळी करपली, गॅसवाला आला नाही, गुडघा आज जास्त ठणकतोय, वाण्याने पुन्हा जुनीच डाळ दिली, हे रोजचं बोलणं कुणाला उद्देशून करायचं? पूर्वी ते बाबांना ऐकू जायचं. बाबाही फारसं उत्तर देत नसतील, या वयातले नवरे देत नाहीत. पण पेपरमागून हुंकार यायचा. आता पलंगाखालून शेपटी आपटल्याचा आवाज येतो. दादाला हे हास्यास्पद वाटत असेल तर त्याला एवढंच सांगा, की आठवडाभर घरात कुणाशीही मराठी न बोलता राहून बघ.

शिवाय तो बाबांनी आणलेला आहे. उंबऱ्याबाहेरचा कुत्रा पलंगाखाली कधी आला, हे आठवून बघा. बाबा गेल्यानंतर. आईने कुत्र्याचा लळा लावून घेतला तो कुत्र्याच्या प्रेमापोटीच असं नसतं. त्या घरात बाबांचा पायरव ओळखणारे दोघेच उरले होते.

'बंड्यानां बा' या हाकेबद्दलही दादाने नाराज होऊ नये. एकट्या विधवा बाईला सोसायटीत कुणी हाक मारत नाही, तिच्याबद्दल हळहळ व्यक्त करतात. तुमच्या आईला हाक मारतात. बंड्यासाठी तिला साडेपाचला उठावं लागतं, दुधाच्या पार्लरपर्यंत जावं लागतं, चार माणसं भेटतात, उशीर झाला तर कुणीतरी विचारतं, "बा, तब्येत तो सारी छे ने?" हे पुण्याच्या नवव्या मजल्यावर कोण विचारणार? दादा-वहिनी दोघं ऑफिसात, नातू शाळेत आणि मग डे-केअरमध्ये. टीव्ही असेल. गॅलरी असेल. लिफ्टमध्ये दिसणारी माणसं मोबाइलकडे बघत असतील. मी पुण्याच्या विरोधात नाही, पण दादा आईला सोबत देतोय की देखरेख, हे त्याने स्वतःला विचारावं.

विज्ञानाचा आधारच हवा असेल तर तोही आहे, जपून वापरायचा. हृदयविकाराच्या आजारातून दवाखान्यातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा एक जुना अभ्यास १९८० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. मुळात धडधाकट माणसंच प्राणी पाळतात असंही असू शकतं, त्यामुळे कुत्रा आणला की आयुष्य वाढतं असं यातून म्हणू नये. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, तेच जे आई आणि तान्ह्या बाळात वाढतं. तुमच्या आईला हे सांगितलंत तर ती म्हणेल, यात शोध काय लावला?

पुराच्या रात्रीचं. तुम्हा दोघांच्या मनात राग बसलाय तो त्या रात्रीचा, हे मला दिसतं. मनगट हे निमित्त. फोन लागत नाही, टीव्हीवर रस्त्यात मगरी दाखवतायत, आणि आपली आई एका कुत्र्यासाठी होडीत चढत नाही. कुणीही संतापेल. पण ती हट्टी किंवा भ्रमिष्ट आहे म्हणून असं वागली असं समजू नका. २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं तेव्हा असंख्य माणसांनी अगदी हेच केलं. कुत्री-मांजरं सोडून यायला लागेल म्हटल्यावर घरातून हललीच नाहीत. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकेला कायदा करावा लागला की आपत्तीत माणसं हलवण्याच्या योजनेत त्यांच्या पाळीव जनावरांची सोय असलीच पाहिजे. जनावरांच्या कळवळ्याइतकंच त्यामागे माणसांना बाहेर काढण्याचं व्यवहारी गणित होतं.

विश्वामित्री पुन्हा चढणार आहे. तेव्हा त्या रात्रीवरून भांडण्यापेक्षा जूनच्या आधी वरच्या खोलीत एक पिशवी भरून ठेवा. त्यात दोघांची आठवड्याची औषधं, कोरडं खाणं, बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक, बंड्याचा जादा पट्टा आणि मुसकं, त्याच्या लसींचं कार्ड प्लास्टिकमध्ये. मुसकं बांधलेला आणि पट्ट्यात असलेला कुत्रा होडीवाल्याला निदान समोर ठेवून विनंती करण्याजोगा असतो. त्याहून बरं म्हणजे नदीची पातळी वाढतेय अशी सूचना आली की त्याच दिवशी दोघांना तिथून काढायचं. सासूबाईंचा दमा आहे हे कबूल, पण दोन दिवस बंद गॅलरीत किंवा जवळच्या बोर्डिंगमध्ये बंड्याची सोय होऊ शकते. ती जागा पावसाळ्यापूर्वी बघून ठेवा. रेबीजच्या वर्षाच्या लसीबरोबर लेप्टोस्पायरोसिसचीही द्या. पुराच्या पाण्यातून येणारा तो आजार कुत्र्याकडून माणसालाही होतो.

तुमच्या घरी बंड्या कायमचा येऊ शकत नाही, याबद्दल तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका. दम्याच्या माणसाला त्रास होतो तो नुसत्या केसांमुळे नव्हे, लाळ आणि कातडीच्या कोंड्यामुळे. घर कितीही झाडलं तरी तो राहतो. तुमची अडचण खरी आहे.

वहिनीचीही अगदीच खोटी नाही. लहान मुलांना कुत्रा चावतो तो अनेकदा ओळखीचाच असतो, आणि बंड्याला चार वर्षांच्या पोराची सवय नाही. कुणी वहिनीला 'ती तसलीच आहे' म्हणायला हे पत्र कापून ठेवू नये म्हणून लिहितेय. मूल आणि कुत्रा एका खोलीत एकटे ठेवायचे नाहीत, जेवताना आणि झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही, हे नियम पाळणारं घर हवं. ज्या घराला ते नको आहे, त्याच्यावर कुत्रा लादण्यात कुत्र्याचंही भलं नाही.

सोसायटीचं कारण मात्र दादाने पुढे करू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या सूचनांत स्पष्ट आहे की सभासदांनी बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पुणे महापालिकेचा परवाना काढावा, घाण आपली आपण उचलावी, विषय संपला. 'बायकोला नको आहे' हे खरं कारण आहे आणि ते आईला सरळ सांगण्यासारखं आहे. सोसायटीच्या आडून सांगितलं की आईला वाटतं, मुलाने माझ्यासाठी कमिटीशी दोन शब्द भांडायचीही तयारी दाखवली नाही.

पांजरापोळाबद्दल मला आदर आहे. गुजरातेत राहून तो नसणं शक्य नाही. पण या संस्था मुख्यतः भाकड, जखमी गुरांसाठी उभ्या राहिल्या. पलंगाखाली झोपणारा, एका बाईच्या आवाजावर वाढलेला आठ वर्षांचा कुत्रा अनोळखी कुत्र्यांच्या घोळक्यात सोडला की पहिले काही दिवस तो बहुधा खात नाही, फाटकाशी बसतो, मग भांडणं किंवा आजारपण. तरुण पिल्लू रुळतं. हा कितपत रुळेल याची मला शंका आहे. जनावर उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडून देणं हा १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. संस्थेत ठेवणं त्यात बसत नाही. बसलं असतं तरी पहिल्या गुन्ह्याला दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे, तेव्हा कायद्याचा धाक मी तुम्हाला दाखवत नाही. आईचा दाखवते. तिला पुण्यात बसून रोज जेवताना तो काय खात असेल हे दिसणार आहे, आणि त्याबद्दल बोलायची सोय नसणार आहे, कारण विषय काढला की दादा म्हणेल, "पैसे पाठवतोय ना?"

हो, त्या वाक्याचं राहिलं. "तुला नातू जास्त की कुत्रा?" दादाने ते मागे घ्यायला हवं. 'रागात बोललो' असं नको, 'चुकलो' असं. नातू रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसतो, बंड्या पहाटे गालाला गार नाक लावतो. आईने यात निवड केलीच नव्हती, तिला करायला लावली. माफी फोनवर नको. वडोदऱ्याला येऊन मागावी, शक्यतो नातवाला घेऊन, आणि त्या पोराला बंड्याच्या अंगावरून हात फिरवायला आजीने शिकवावं. वहिनीची भीतीही तिथेच थोडी कमी झाली तर झाली.

एखादा महिना आईला पुण्याला राहायला न्यायचं ठरलं आणि वहिनी तयार झाली, तर बंड्याला गाडीनेच न्या. पहाटे निघा, निघण्याआधी पोटभर खायला घालू नका, वाटेत पाणी पाजा, बंद गाडीत उन्हात एकटा ठेवू नका. रेल्वेत कुत्रा सोबत नेता येतो तो फक्त पहिल्या वर्गात, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण घेतली तर, आणि ती मिळाली की नाही हे बहुधा चार्ट लागल्यावरच कळतं. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. आईला ती पेटी दाखवलीत तर ती फलाटावरून घरी परत जाईल.

मधल्या मध्ये एक जाता जाता. रोजची तुपाची पोळी. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ती गोष्ट तुमच्या आईला पाठ असणार, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात हेही ती तुम्हाला ऐकवेल. नामदेवांना साष्टांग नमस्कार, पण आठ वर्षांच्या, फारसं न धावणाऱ्या कुत्र्याला रोज तूप नको. स्वादुपिंड सुजतं, वजन वाढतं, आणि जड कुत्रा जास्त जोरात ओढतो. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे तर अजिबात नकोत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनही परस्पर देऊ नये. हे तुम्ही सांगू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडून सांगवा. मुलीचं ऐकायची आयांना सवय नसते.

आता विचारायचं कसं. रविवारी जा, एकट्या जा. फाइल, तपासण्या, दादाचा निरोप, काही नेऊ नका. संध्याकाळच्या चकरीला तिच्याबरोबर निघा, पट्टा तुम्ही धरा. म्हातारी माणसं समोरासमोर बसवून विचारलं की साक्ष दिल्यासारखी बोलतात, चालताना खरं बोलतात. विचारा, आई, तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? माझा अंदाज आहे, ती पडण्याची म्हणणार नाही, पुराचीही नाही. ती म्हणेल, माझ्यामागे याचं काय?

हिशेब तिने केव्हाच केला असणार. घरात नीट सांभाळलेला देशी कुत्रा बारा-चौदा वर्षं सहज काढतो. म्हणजे अजून चार ते सहा वर्षं. ती तेव्हा सत्त्याहत्तर ते एकोणऐंशीची. तुमच्या पांजरापोळाच्या बेताने तिला एवढंच कळलं की ती असतानाच जर मुलं त्याला हलवायला निघाली, तर ती नसताना काय होईल. ती पुण्याला येत नाही याचं खरं कारण हे असावं.

यावर उत्तर देता येतं, आणि ते कागदावर देता येतं. आपल्या कायद्यात कुत्र्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत, जनावराला वारस होता येत नाही. पण मृत्युपत्रात एखाद्या माणसाचं नाव सांभाळ करणारा म्हणून घालून त्यासाठी रक्कम बाजूला काढता येते. रतन टाटा २०२४ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची सोय त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यासाठी टाटा असावं लागत नाही. एक वकील, दोन साक्षीदार, आणि बंड्याला खरोखर सांभाळेल असा एक माणूस, एवढं लागतं.

तो माणूस कोण, हे तुम्ही आणि दादाने ठरवू नका. कदाचित शेजारच्या घरातली कुणी असेल, कदाचित सकाळी फिरवायला ठेवलेला तो कॉलेजचा मुलगाच सहा महिन्यांनी त्या योग्यतेचा वाटेल. नाव आईला सुचवू दे. त्या माणसाला तिनेच विचारू दे, बंड्याला त्याच्याकडे अधूनमधून दोन-तीन दिवस राहायला पाठवू दे, तो तिथे जेवतो का, झोपतो का ते बघू दे. ते जमलं की दिवाळीत आठ दिवस पुण्याला येतेस का, असं दादाने तिला विचारून बघावं.